पंडितेची शंका आणि ख्रिस्ताचे ईश्वरत्व

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके पर्जन्यछायेतील टापू म्हणून, घोड आणि भीमा या नद्यांच्या काठचा मुलूख म्हणून, अथवा एक लष्कराची जुनी छावणी आणि दुसरे रेल्वेचे मोठे जंक्शन म्हणून आपल्या परिचयाचे आहेत. परंतु येशू ख्रिस्त हा केवळ थोर उपदेशक वा प्रेषित नसून साक्षात ईश्वर आहे आणि हे समस्त विश्व त्याच्याच द्वारे निर्माण झाले, ही जी ख्रिस्ती धर्माच्या गाभ्यातील श्रद्धा, तिच्याशी ज्या मराठी व्यक्तीने सर्वांत निकराची झुंज घेतली तिची कर्मभूमी याच मुलखात आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव नावाचे स्टेशन लागते. तेथे पंडिता रमाबाईंनी आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध वेचला, तेथेच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांनी स्थापिलेले मुक्ती मिशन तेथे आजही चालू आहे. रमाबाईंच्या समाजकार्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या धर्मांतराविषयी तर क्षोभाने आणि अभिमानाने दोन्ही बाजूंनी लिहिले गेले. पण बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी ज्या एका सिद्धांतापुढे मान तुकविण्यास वर्षानुवर्षे नकार दिला, तो सिद्धांत नेमका काय आहे, हे समजून घेण्याची तसदी आपण क्वचितच घेतली आहे.

येशू हा नासरेथ गावचा सुतार, रोमन अंमलाखालच्या यहूदियात पंतय पिलात नावाच्या सुभेदाराच्या हुकमाने वधस्तंभावर मारला गेलेला. आणि त्याचे पहिले अनुयायी यहुदी, ज्यांच्या धर्मात एका देवावाचून अन्य कोणापुढे मस्तक नमविणे हे महापातक. अशा लोकांनी, त्या मृत्यूला शंभर वर्षेही लोटली नाहीत तोच, त्या सुताराचे नाव विश्वाच्या उत्पत्तीशी जोडावे, ही धर्मेतिहासातील एक विलक्षण घटना होय. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ बेथलेहेमाच्या गोठ्यापासून होत नाही. तो सृष्टीच्याही मागे जातो. देवाजवळ असलेल्या आणि स्वतः देव असलेल्या शब्दाविषयी बोलतो. जे जे अस्तित्वात आले त्यातील काहीही त्याच्यावाचून आलेले नाही असे सांगतो. आणि मग तोच शब्द देहधारी होऊन माणसांत राहिला, असे म्हणतो. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात हाच विचार अधिक विस्ताराने आला आहे: दृश्य आणि अदृश्य असे सर्व काही ख्रिस्ताच्या ठायी आणि त्याच्याकरिता निर्माण झाले, आणि आजही ते सारे त्याच्याच आधारावर एकत्र टिकून आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच ओळींतही हीच ग्वाही आहे. जग पित्यापासून आहे, पण ते पुत्राच्या द्वारे आहे, असा या सर्व लिखाणाचा आशय असून, ख्रिस्ती मंडळी रविवारच्या उपासनेत उभे राहून जो मतांगीकार म्हणतात त्यातही तो अंतर्भूत आहे.

मराठी मनाला यात प्रथमदर्शनी अवघड असे काही वाटत नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे. मनुष्याच्या ठायी देवत्व पाहण्याची आपली सवय जुनी आहे. शिरूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत १८०९ साली मरण पावलेल्या कर्नल वॉलेस या ब्रिटिश अधिकाऱ्याची कबर आहे. या परधर्मी परदेशी माणसाला आसपासच्या लोकांनी सत्पुरुष मानले, आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य गावकरी त्याच्या कबरीवर आणीत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातील जिल्हा गॅझेटिअरात सापडते. त्या कृतज्ञतेबद्दल मला आदरच वाटतो. मात्र येशूच्या ईश्वरत्वाची कल्पना या वाटेने जात नाही. वॉलेसच्या बाबतीत एक चांगला माणूस मरणानंतर लोकांच्या श्रद्धेने वर चढत गेला. ख्रिस्ती श्रद्धेचा ओघ वरून खाली येणारा आहे, आणि लोकांच्या मान्यतेवर तो यत्किंचितही अवलंबून नाही. अवताराच्या कल्पनेशी तिचे साम्य अधिक जवळचे, आणि नारायण वामन टिळकांसारख्या ख्रिस्ती कवीला त्या साम्याचा मोठा आधार वाटला असल्यास नवल नाही. तरीही अवतार अनेक, देहधारण एकदाच. अवतार आपले कार्य आटोपून निजधामास जातो, तर ख्रिस्ताने धारण केलेले मनुष्यत्व, भूक, थकवा, अश्रू आणि मरण यांसह, त्याने कायमचे आपलेसे केले, अशी ख्रिस्ती धारणा आहे.

निर्माता आणि तारणारा एकच, या विधानावर एवढा भर कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर दुसऱ्या शतकातील मार्सियन नावाच्या पंडिताच्या हकिकतीत मिळते. रोमच्या मंडळीतून बहिष्कृत झालेल्या या गृहस्थाचे म्हणणे असे, की हे दुःखमय, जड जग निर्माण करणारा देव कनिष्ठ आणि कठोर आहे, आणि येशूने प्रकट केलेला प्रेमळ देव हा या जगाला सर्वस्वी परका. तो आला तो परक्यांना सोडविण्यासाठी. विचार मोहक आहे, कारण जगातील क्रौर्याचा जाब तो सहज देऊन मोकळा होतो. ल्यों येथील आयरेनियस या धर्माध्यक्षाने त्याला कसून विरोध केला. आपल्याकडच्या जमिनीच्या दप्तराचा दाखला घ्यायचा तर, वहिवाटीने येणारा हक्क निराळा आणि मूळ मालकी निराळी. ख्रिस्ती मताप्रमाणे ख्रिस्त हा जगात शिरलेला कोणी उपरा कूळ नसून, आपल्याच हरवलेल्या जमिनीवर परत आलेला मूळ मालक आहे. म्हणून ख्रिस्ती माणसाला देह, अन्न, माती, बालक, रोगी यांतील कशाचाही तिटकारा धरण्याची मुभा राहत नाही. तारण म्हणजे जगातून पळ काढणे नव्हे, निर्मिलेल्या जगाची दुरुस्ती, असे त्यातून निष्पन्न होते.

पुढे चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या धर्मगुरूने याहून सूक्ष्म पेच टाकला. पुत्राच्या द्वारे जग झाले हे त्याला मान्य होते. पण खुद्द पुत्रही निर्मिलेलाच, सर्व निर्मितीत पहिला व श्रेष्ठ, तथापि तो नव्हता अशी एक अवस्था होती, असे तो म्हणे. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली नायसिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझ्निक गावी, धर्माध्यक्षांची परिषद भरविली, आणि पुत्र हा निर्मिलेला नसून पित्यापासून जनित आहे, पित्याशी एकतत्त्व आहे, असा निर्णय तिने दिला. त्या निर्णयाने वाद मिटला नाही. अथनेशियस या त्याच्या पुरस्कर्त्याला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. अथनेशियसच्या युक्तिवादाचा रोख सोपा होता: ज्याने जग घडविले तोच ते पुन्हा घडवू शकतो, स्वतः निर्मिलेला असलेला कोणीही, कितीही थोर असला तरी, निर्मितीला नवे जीवन देऊ शकणार नाही. ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनंतर हे मत ख्रिस्ती जगताच्या बहुतांश भागात रूढ झाले. यहुदी आणि मुसलमान यांनी ते कधीच स्वीकारले नाही, आणि ख्रिस्ताला मानणाऱ्यांतही एकेश्वरवादी पंथ आजवर त्याला विरोध करीत आले आहेत.

मराठीत या विषयाचा पहिला भव्य आविष्कार गोमंतकातील राचोल येथे १६१६ साली छापलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त झाला. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या त्या ग्रंथाचे पहिले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरू होते, आणि दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र येते. त्या रचनेतच निर्माता आणि तारणारा यांची सांगड आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर आणि शिरूर येथे ठाणी घातली, तेव्हा हा विचार या मुलखाच्या खेड्यांपर्यंत पोचला.

या पार्श्वभूमीवर रमाबाईंकडे पाहावे. १८५८ साली जन्मलेल्या या अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या कन्येने लहान वयात अठरा हजार श्लोकांचे भागवत मुखोद्गत केले, १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळविल्या, आणि दुष्काळात आईबाप व बहीण अन्नावाचून गेलेली डोळ्यांनी पाहिली. ब्राह्मोसमाजाच्या सहवासात त्यांचा मूर्तिपूजेवरील विश्वास उडाला आणि एका निराकार ईश्वरावर तो स्थिर झाला. पुण्यात त्यांना भेटले ते ख्रिस्ती झालेले नीलकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे, ‘षड्दर्शनदर्पण’कार. निर्माता आणि निर्मिती यांत अभेद मानणाऱ्या वेदान्तावर आक्षेप घेण्यात गोऱ्ह्यांनी आपली विद्वत्ता खर्ची घातली होती, आणि स्वतः ते जन्मभर शंकांशी झगडत राहिले होते. रमाबाई इंग्लंडला गेल्यावर गोऱ्ह्यांच्या एका पत्राने, ज्याला आपण वेदांतील एकेश्वरी धर्म समजत होतो तो वस्तुतः ख्रिस्ती धर्मातूनच आलेला आहे, अशी त्यांची बौद्धिक खात्री पटली, असे त्या पुढे सांगत. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वॉन्टेज येथे त्यांनी आणि त्यांच्या लहान मुलीने, मनोरमेने, बाप्तिस्मा घेतला.

येथे वाद संपला, असे बाप्तिस्मा देणाऱ्यांना वाटले असावे. रमाबाईंच्या लेखी तो आता कुठे सुरू झाला होता. वॉन्टेजच्या मठातील सिस्टर जेरल्डिन आणि चेल्टनहॅम महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डॉरोथिया बील यांच्याशी १८८४-८५ मध्ये झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात, त्रैक्याचा सिद्धांत आणि ख्रिस्ताचे ईश्वरत्व या विषयांवर पंचविशीतील ही विधवा, परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्या आश्रयदात्यांशी वाद घालताना दिसते. देव एक आहे यावर तिची श्रद्धा अढळ. येशू हा देवाने पाठविलेला तारणारा हेही तिला मान्य. पण पुत्र पित्यासमान देव आहे, हे बायबलाच्या वचनांनी सिद्ध करून दाखवा, चर्चच्या फर्मानाने नव्हे, असा तिचा आग्रह. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मानेवर घेण्यास आपण तयार नाही, असे तिने जेरल्डिनबाईंना निक्षून कळविले. जेरल्डिनबाईंना ही अहंता वाटली. बीलबाईंनी तीच गोष्ट अधिक सहानुभूतीने ओळखली, आणि धीराने, तत्त्वज्ञानाच्या अंगाने उत्तरे दिली. मला ही पत्रे मराठी धर्मचिंतनातील अमोल ठेवा वाटतात. नायसियाच्या परिषदेतील धर्माध्यक्षांच्या पाठीशी सम्राटाची सत्ता होती. रमाबाईंच्या पाठीशी सदसद्विवेकाखेरीज दुसरे काहीच नव्हते, आणि तरीही त्यांनी तोच प्रश्न तितक्याच निर्भयपणे विचारला.

त्या प्रश्नाचे उत्तर त्यांना परिषदेतून किंवा पत्रातून मिळाले नाही. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढल्यानंतर, आणि ते पुण्यास हलविल्यानंतर, १८९१ च्या सुमारास त्यांच्या अंतःकरणात जे परिवर्तन घडले, त्याविषयी त्यांनी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत स्वतःच सांगितले आहे: बाप्तिस्म्यानंतरची कित्येक वर्षे आपल्यापाशी धर्म होता, पण त्या धर्माचा जो प्राण त्या ख्रिस्ताशी आपली गाठ पडलेली नव्हती. त्यानंतरच्या रमाबाई ख्रिस्ताला निःशंकपणे प्रभू आणि देव म्हणतात. त्यांचे विरोधक याला बुद्धीची शरणागती म्हणतील. मला तसे वाटत नाही. ज्या व्यक्तीने मान्यवरांच्या दडपणाखाली एक शब्दही कबूल केला नाही, तिची पुढील कबुली ही भिडेची असू शकत नाही.

या कबुलीचा अर्थ काय झाला, हे केडगावात दिसते. शारदासदनाच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून त्यांनी तेथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी शेकडो उपाशी मुली व विधवा आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगचा कहर झाला आणि प्लेगच्या कायद्यामुळे या मुलींना व विधवांना शहरात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा त्या उजाड माळावर आधी तंबू, मग घरे, विहिरी, शाळा, छापखाना, आंधळ्यांसाठी स्वतंत्र विभाग असे एक गावच उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. ज्या देहांना दुष्काळाने आणि रूढीने टाकून दिले होते, ते देह त्यांच्या निर्मात्याचे आहेत, आणि तो निर्माता स्वतः देह धारण करून आला होता, या श्रद्धेचा केडगाव हा माझ्या दृष्टीने सर्वांत स्पष्ट अर्थबोध होय. आयुष्याची शेवटली वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालविली. ज्या वचनांनी सिद्ध करा असा तरुणपणी त्यांचा हट्ट होता, ती सारी वचने त्यांनी स्वतःच्या हाताने मराठीत उतरविली, आणि ती आश्रमातल्याच मुलींनी खिळे जुळवून छापली. मृत्यूपूर्वी काही काळच त्यांनी ते काम हातावेगळे केले. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली मुक्ती छापखान्यातून बाहेर पडला.

रमाबाईंचा तो पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केला आहे. ख्रिस्ती वाचकाने तो वाचावा, म्हणजे उपासनेत सहज उच्चारल्या जाणाऱ्या मतांगीकाराची एकेक ओळ किती मोलाने विकत घ्यावी लागते ते कळेल. आणि हिंदू वाचकाने तो अवश्य वाचावा, म्हणजे ज्या बाईला आपण धर्म बुडविणारी म्हणून दूर लोटले ती धर्माच्या बाबतीत आपल्यापैकी पुष्कळांपेक्षा किती अधिक काटेकोर होती, हे त्याला दिसून येईल.