प्रवास-आरक्षण

प्रवास-आरक्षण : प्रवासाची तिकिटे, निवास, वाहने, स्थलदर्शन इ. सेवा आगाऊ राखून ठेवण्याची व्यवस्था. असे आरक्षण प्रवास अभिकर्त्यामार्फत करता येते, किंवा इंटरनेटच्या साहाय्याने प्रवासी ते स्वतःही करू शकतो. या दोन पद्धतींची तुलना बहुधा खर्चाच्या दृष्टीने केली जाते. तथापि प्रवासात विघ्न आल्यास त्याची जबाबदारी कोणावर, हा त्यांतील अधिक मूलभूत भेद होय.

आधुनिक प्रवास अभिकरणाचा आरंभ सामान्यतः टॉमस कुक याच्यापासून मानतात. ५ जुलै १८४१ रोजी त्याने मद्यपानविरोधी सभेसाठी लेस्टर ते लफबरो असा सु. ५०० जणांचा रेल्वेप्रवास प्रत्येकी एक शिलिंग आकारून घडवून आणला. त्याच्या कंपनीची मुंबई येथील कचेरी १८८१ मध्ये उघडली. ‘ट्रॅव्हल एजंट्स असोसिएशन ऑफ इंडिया’ ही भारतातील अभिकर्त्यांची संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. विमान कंपन्यांची वेळापत्रके व भाडे यांची माहिती सामान्य प्रवाशास सहज मिळत नसे. ती मिळवून देणे हे अभिकर्त्याचे मुख्य काम आणि कंपन्यांकडून मिळणारी दलाली हे त्याचे मुख्य उत्पन्न होते.

ही स्थिती संगणकामुळे पालटली. अमेरिकन एअरलाइन्स व आयबीएम यांनी विकसित केलेली सेबर ही आरक्षण-प्रणाली १९६० च्या दशकात कार्यान्वित झाली व १९७६ पासून ती अभिकर्त्यांच्या कचेऱ्यांतही आली. १९९५ मध्ये अमेरिकेतील प्रमुख विमान कंपन्यांनी दलालीवर मर्यादा घातली. १९९६ मध्ये एक्स्पीडिया हे संकेतस्थळ सुरू झाले व पूर्वी अभिकर्त्यापुरती असलेली माहिती थेट प्रवाशाच्या हाती आली. भारतात इंडियन रेल्वे केटरिंग अँड टूरिझम कॉर्पोरेशनने २००२ मध्ये रेल्वे तिकिटांची इंटरनेटवरील विक्री सुरू केली. त्यामुळे तिकीट-खिडकीपुढील रांग टाळणे शक्य झाले.

स्वयं-आरक्षणाचे दोन प्रकार आहेत : विमान कंपनी वा हॉटेल यांच्याकडे थेट केलेले आणि अनेकांच्या सेवा एकत्र विकणाऱ्या संकेतस्थळावर केलेले. दुसऱ्या प्रकारात मध्यस्थ नाहीसा होत नाही, फक्त बदलतो. अशा संकेतस्थळांनी हॉटेलांवर घातलेल्या दरविषयक अटी स्पर्धेस बाधक असल्याचे ठरवून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना सु. २२३ कोटी रु. दंड केला होता.

स्वतः आरक्षण करणाऱ्यास दरांची तुलना, तारखांची निवड व मुक्कामाचे स्वातंत्र्य मिळते. परंतु निरनिराळ्या सेवांची सांधेजोड त्यालाच करावी लागते. उदा., मुंबई-दिल्ली व दिल्ली-लेह अशी दोन स्वतंत्र तिकिटे काढली आणि पहिल्या विमानास उशीर होऊन दुसरे चुकले, तर दुसरी विमान कंपनी सामान्यतः त्यास उत्तरदायी नसते. हाच प्रवास एकाच तिकिटावर असल्यास पुढे पोहोचविण्याची जबाबदारी तिकीट देणाऱ्या कंपनीकडे राहते. बनावट संकेतस्थळांपासूनचे संरक्षणही प्रवाशाला स्वतःच करावे लागते.

अभिकर्ता व सहल-आयोजक यांतही फरक आहे. केवळ तिकीट काढून देणारा अभिकर्ता हा मध्यस्थ असतो. संपूर्ण सहल एका किंमतीस विकणारा आयोजक त्यातील सेवांना उत्तरदायी मानला जातो. यूरोपीय संघाने १९९० व २०१५ च्या निदेशांद्वारे हे तत्त्व कायद्यात आणले. भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक स्वतःच्या निवासस्थानाच्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करू शकतो.

अभिकरणातही धोका असतो, कारण पैसे प्रथम मध्यस्थाकडे जातात. २३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनमधील टॉमस कुक समूह कोसळला, तेव्हा त्याचे सु. दीड लाख ब्रिटिश ग्राहक परदेशांत होते. त्यांना शासनाने विशेष विमानांची व्यवस्था करून परत आणले. याच नावाची भारतीय कंपनी २०१२ पासून स्वतंत्र मालकीची असल्याने ती चालू राहिली. कोविड-१९ च्या टाळेबंदीत रद्द झालेल्या विमान तिकिटांसंबंधी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी दिलेल्या निर्णयात, अभिकर्त्याकडे आलेला परतावा त्याने प्रवाशास तत्काळ द्यावा, असे स्पष्ट केले.

सारांश, परिचित मार्गाच्या व एकदोन सेवांच्या प्रवासास स्वयं-आरक्षण सोयीचे ठरते. अनेक देशांचा प्रवास, व्हिसा, वृद्ध सहप्रवासी किंवा मोठा गट असल्यास आयोजकाचे साहाय्य उपयुक्त असते. महाराष्ट्रातील सहल-संस्थांच्या मराठी भाषक व्यवस्थापकांस व परिचित भोजनास असलेली मागणी यामुळेच टिकून आहे. कोणत्याही पद्धतीत रद्दीकरणाच्या अटी, परताव्याचा मार्ग आणि पावतीवरील विक्रेत्याचे नाव पैसे भरण्यापूर्वी तपासणे आवश्यक असते.