इराण्याकडचा चहा

मुंबईला गेलात तर धोबी तलावचं ‘कयानी’ चुकवू नका. मेट्रो सिनेमासमोरचं हे इराणी हॉटेल १९०४ सालचं. चौकड्यांचे टेबलक्लॉथ, बरण्यांत बिस्किटं. ब्रून मस्का चहात बुडवूनच खावा. त्या कडक पावाला दुसरा इलाज नाही! इराणहून आलेल्या झरतुष्ट्री मंडळींनी अशी हॉटेलं थाटली, तेव्हा शहरात जातवार खाणावळी होत्या. इराण्याकडे मात्र पैसे मोजले की कुणालाही खुर्ची.

तरुणपणी एका गावी लॉजवाल्यानं रजिस्टरातलं माझं नाव वाचलं आणि खोल्या एकदम भरल्या. रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. सकाळी कयानीत एका चहावर तासभर बसलो. वेटरनं एवढंच विचारलं, ‘‘और एक?’’