सुई लहान झाली, भीती मोठीच का?

"डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं, म्हणजे आता संपलंच!" गोरेगावच्या सिद्धार्थनगर, मोतीलालनगर, भगतसिंगनगर अशा वस्त्यांत मधुमेहाचा विषय निघाला की हे वाक्य आम्हांला हमखास ऐकू येते. या भीतीपायी माणसे इन्सुलिन टाळतात आणि पुढे डोळे, किडनी, पाय गमावून बसतात.

हा गैरसमज दूर करायला लांब जायला नको. खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला. माईसाहेब स्वतः डॉक्टर. बाबासाहेबांचे इन्सुलिन, पथ्य, औषधपाणी त्या पाहत. त्यानंतरच नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधान पूर्ण झाले आणि पुढे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ लिहून झाला. इन्सुलिन घेणारा माणूस कामातून जातो म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळे उत्तर काय द्यावे?

इन्सुलिनची गोळी का नाही, असे अनेकजण विचारतात. इन्सुलिन हे प्रथिन आहे. पोटात गेले की अन्नासारखे पचून जाते, म्हणून ते सुईने द्यावे लागते. कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी १९२१ मध्ये ते शोधले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन मिळाले. या शोधाचे हक्क संशोधकांनी प्रत्येकी अवघ्या एका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले.

बाबासाहेबांच्या काळी सिरिंज काचेची असे. ती उकळून पुन्हा पुन्हा वापरायची आणि सुई बोथट झाली की दगडावर घासायची. पुढे एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या सिरिंज आल्या. १९८५ मध्ये डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीने इन्सुलिनचे पेन आणले. आज पेनची सुई ४ मिलिमीटर इतकी लहान मिळते. पंपाचीही तीच कथा. १९६३ मध्ये अमेरिकेत डॉ. कॅडिश यांनी केलेला पंप पाठीवरच्या पिशवीएवढा होता, आता तो कमरेला मावतो. मात्र तो महाग आहे. श्वासातून ओढायच्या इन्सुलिनच्या भुकटीला डिसेंबर २०२४ मध्ये भारतात परवानगी मिळाली, ती मुंबईच्याच सिप्ला कंपनीला. पण दमेकऱ्यांना व विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना ती चालत नाही.

महागडे साधन नसले म्हणून बिघडत नाही. साधी बाटली आणि सिरिंज नीट वापरली तर तेवढेच काम करते. त्यासाठी घरातल्या सर्वांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा ४० युनिटचे असते, पेनमधले १०० चे. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. १०० चे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने घेतले तर डोस अडीच पट होतो आणि साखर एकदम उतरून जिवावर बेतते. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग रोज ताडून पाहावा. शिकलेल्या मुला-मुलींनी हे काम अंगावर घ्यावे.

फ्रिज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवावी. पत्र्याखालच्या फळीवर किंवा शेगडीजवळ नको. फ्रिज असला तरी बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. इंजेक्शनची जागा रोज बदलावी, नाहीतर तिथे गाठ येते. पेन किंवा सुई दुसऱ्याला, अगदी घरातल्या माणसालाही, वापरायला देऊ नये.

आणि वापरलेली सुई कचऱ्याच्या डब्यात मोकळी टाकू नका. तो कचरा उचलणारे हात बहुतेक वेळा आपल्याच भावा-बहिणींचे असतात. एका टोचणीतून कावीळ, एड्ससारखे आजार होऊ शकतात. सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात जमवाव्यात, डब्यावर 'सुया' असे ठळक लिहावे आणि भरला की तो वेगळा, सांगून द्यावा.

डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितले असेल तर आजच सुरू करा. सुई टोचायला हात कापत असेल, तर दवाखान्यातल्या नर्सताईंकडून एकदा समोर बसून शिकून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही.