आरशांचे दशक आणि न साठवलेली उष्णता

सप्टेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने 4,000 मेगावॉट-तास क्षमतेच्या बॅटरी साठवणीसाठी भांडवली खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत साहाय्य देणारी योजना मंजूर केली, तेव्हा संध्याकाळच्या विजेचे मोल दुपारच्या विजेपेक्षा अधिक असते हे शासनाने अखेर मान्य केले. मात्र ज्या सौर-औष्णिक तंत्राचा सारा दावा याच मोलावर उभा होता, ते तंत्र तोवर देशात जवळपास मोडीत निघाले होते.

या तंत्रात आरशांनी ऊन एकवटून वाफ केली जाते व तिच्यावर जनित्र चालते. वाफ करण्यापूर्वी ती उष्णता दगड, वाळू, लोखंड वा सिरॅमिक अशा घन पदार्थात मुरवून ठेवली, तर सूर्यास्तानंतरही वीज मिळते. कॅलिफोर्नियातील ‘सोलर वन’मध्ये 1982 मध्येच तेलासोबत वाळू व खडीने भरलेली टाकी वापरली गेली होती.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते ते 2006 नंतरचे दशक. ग्रामीण भाग भारनियमनाने त्रासला असताना, 2006 मध्ये लातूरच्या महानंद डेअरीत दूध तापवण्यासाठी मुंबईच्या क्लिक कंपनीने आयआयटी मुंबईच्या सहकार्याने विकसित केलेली ‘अरुण’ ही सुमारे 160 चौरस मीटरची आरशांची तबकडी बसली, आणि 2009 मध्ये शिर्डी संस्थानच्या प्रसादालयात 73 शेफलर तबकड्यांच्या वाफेवर अन्न शिजू लागले. आरशांची छायाचित्रे उद्घाटनाच्या बातमीत शोभतात, उष्णतारोधक वेष्टणात दडलेल्या दगडांची शोभत नाहीत, म्हणूनच की काय, घन साठवणीकडे राज्यात कोणी गांभीर्याने पाहिले नाही.

त्याहून मोठी चूक दिल्लीत झाली. 2010 च्या राष्ट्रीय सौर अभियानात 470 मेगावॉटचे सात औष्णिक प्रकल्प युनिटमागे 10.49 ते 12.24 रुपये दराने दिले गेले. पण दुपारच्या आणि रात्रीच्या युनिटला एकच दर असल्याने साठवणीवर खर्च करणारा बोलीत मागे पडणार हे उघड होते. सातांपैकी तीनच प्रकल्प पूर्ण झाले, तेही साठवणीविना, आणि मग सौरपट्ट्या स्वस्त होताच ‘हे तंत्र महाग’ असा शेरा मारून तज्ज्ञ मोकळे झाले. ज्या गुणासाठी ते घ्यायचे तोच गुण निविदेने काढून घेतला होता, हे त्यांनी सोयीस्करपणे नजरेआड केले.

अपवाद अबू रोडचा. ब्रह्माकुमारींच्या ‘इंडिया वन’ प्रकल्पात, 2017 मध्ये, 60 चौरस मीटरच्या 770 तबकड्यांपुढे बिडाचे गाभे बसवले गेले, जे दिवसा तापतात आणि साठलेल्या उष्णतेवर एक मेगावॉटचे जनित्र रात्रीही चालवू शकतात.

दगडात नसली तरी पाण्याच्या रूपात ऊर्जेची साठवण महाराष्ट्रातही, ठाणे जिल्ह्यात, आहेच. शहापूर तालुक्यातील चोंढे येथे घाटघर उदंचन प्रकल्पाचा खालचा जलाशय आहे. रिकाम्या वेळच्या विजेने पाणी वर चढवून गरजेच्या वेळी खाली सोडणारा हा 250 मेगावॉटचा प्रकल्प 2008 मध्ये सुरू झाला, आणि मालशेज घाटातही तशाच प्रकल्पाचा प्रस्ताव वर्षानुवर्षे चर्चेत आहे. घाटघरच्या चारशे मीटरच्या आसपासच्या उंचीवरून एक टन पाणी उतरले, तर जेमतेम एक युनिट ऊर्जा मिळते. उलट मालशेजच्या पायथ्याकडील वैशाखरे परिसरात विपुल असलेला बेसॉल्ट टनभर घेऊन 300 अंशांनी तापवला, तर सुमारे 75 युनिट उष्णता साठते, जिच्यातून चौथा हिस्सा धरला तरी 18 युनिट वीज निघावी. अर्थात दगडातून उष्णता सावकाश वाहते, तो वारंवार तापून-निवून तडकू शकतो, आणि आरशांना ढगाळ पावसाळ्यात थेट ऊन मिळत नसल्याने असा प्रकल्प वैशाखऱ्याला नव्हे, मराठवाड्याच्या कोरड्या पट्ट्यातच शोभेल. घाटमाथ्याखाली पाणीच योग्य, हे मान्य करायला हवे.

तरीही एका मागणीला उशीर झालेला नाही: राज्याने यापुढे साठवणीच्या निविदा काढताना बॅटरी, पाणी वा दगड असे नाव न घालता, संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत पुरवलेल्या युनिटला वेगळा दर जाहीर करावा.