डोंगरी सायकल : बचत कुठे करावी, कुठे नाही

भामचंद्र डोंगराच्या पायथ्याच्या खडकाळ वाटांवर चालणारी सायकल कमी पैशांत बांधता येते. मात्र पैसा कुठे घालायचा, हे कारागीर बांधवांनी आधी ठरवले पाहिजे.

कापडाचा ताणा कच्चा असेल तर बाण्याला रेशीम घालून काय फायदा? सायकलीचा ताणा म्हणजे फ्रेम. जुनी फ्रेम घेण्यास हरकत नाही. पण माती पुसून प्रत्येक सांधा उजेडात तपासावा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तडा असेल तर ती फुकटही घेऊ नये. भोसरीत आर्गन वेल्डिंग होते, सांधाही सुबक दिसतो. पण ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमची ताकद वेल्डिंगजवळ तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटते. ती परत आणण्यासाठी सबंध फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, विझवून, पुन्हा कमी उष्णतेत काही तास ठेवावी लागते. एवढे न करता दिलेली फ्रेम उतारावर तुटली, तर गिऱ्हाइकाच्या जिवावर बेतते.

मागचा हब फ्रेमचे माप घेऊनच आणावा : जुन्या फ्रेमला बहुधा १३५ मिलिमीटर, नव्या फ्रेमला १४२ किंवा १४८. पैसा ब्रेक, रिम व टायरवर घालावा. बचत गिअरवर करावी. पुढे एकच लहान चेनव्हील आणि मागे आठ गिअर पुरतात.

सायकल स्वस्त द्यावी, पण तडा लपवून नव्हे. गिऱ्हाईक टिकते ते विश्वासावर.