मातीचे भाजणे : केओलिनाइटच्या संरचनेतील स्थित्यंतरे

कुंभाराच्या भाषेत मडके एक तर कच्चे असते, नाही तर पक्के. कच्च्या मडक्याचा पाण्यात पुन्हा चिखल होतो; पक्क्याचा होत नाही. या दोन शब्दांतील अंतर नेमके कशाचे, हे कळण्यासाठी मातीतील खनिजाची घडण पाहावयास हवी.

केओलिनाइट हे या अभ्यासातील सर्वपरिचित खनिज होय. त्याच्या नावाचे मूळ चीनमधील गाओलिंग या स्थळनामात आहे. सिलिकाच्या चतुष्फलकांचा एक थर आणि ॲल्युमिनियमच्या अष्टफलकांचा एक थर मिळून त्याचे एक पत्र होते, व अशी पत्रे सुमारे ७.१५ अँगस्ट्रॉम अंतराने एकावर एक रचलेली असतात.

१०० अंश सेल्सियसच्या सुमारास कणांमधील पाणी तेवढे निघून जाते; पत्रांस धक्का लागत नाही. खरा पालट ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान घडतो. रचनेतच गुंफलेले हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रूपाने बाहेर पडतात, शुद्ध खनिजाचे वजन सुमारे १४ टक्क्यांनी घटते आणि क्ष-किरण आलेखातील त्याची शिखरे मावळतात. या अवस्थेस मेटाकेओलिन म्हणतात. तीत सर्वच क्रम नष्ट होतो असे मात्र नव्हे. ब्रिंडली व नाकाहिरा यांनी १९५९ साली दाखविल्याप्रमाणे थरांतर्गत क्रमाचा काही अंश टिकून राहतो. ॲल्युमिनियमभोवती पूर्वी सहा ऑक्सिजन असत. आता बहुतांशी चार किंवा पाचच उरतात.

९८० अंशांजवळ पदार्थ एकाएकी उष्णता बाहेर टाकतो व स्पिनेल-सदृश रचना प्रकटते. तीत सिलिकॉन असते किंवा नाही, याविषयी संशोधकांत दीर्घकाळ मतभेद झाले. पुढे अधिक तापमानास म्युलाइटचे स्फटिक वाढतात. चिनी मातीच्या भांड्यांचे काठिण्य बऱ्याच अंशी त्यांचेच.

या क्रमाचे ज्ञान केवळ प्रयोगशाळेपुरते नाही. चुन्यात सुरखी कालविण्याचा जुना प्रघात याच तत्त्वावर उभा आहे : भाजलेल्या मातीतील विस्कळीत सिलिका व ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावून घट्ट होतात. आज सिमेंटमधील क्लिंकरचा काही भाग अशाच मातीने भरून काढतात. चुनखडी भाजताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, केओलिनाइटमधून केवळ पाणी. शिवाय इंधनही कमी लागते. मात्र आच कमी पडली तर खनिज निष्क्रिय राहते, आणि अति झाली तर नवे स्फटिक बनून ती क्रियाशीलता लोपते. पक्केपणाच्या या दोन सीमांमधील पट्टा अचूक ओळखणे, हेच या अभ्यासाचे व्यावहारिक प्रयोजन होय.