माळीकाम की उद्यानविद्या?

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पालकांची वर्दळ सुरू होते. कोणी आयटीआयची चौकशी करतो, कोणी नर्सिंगची. अशा वेळी एखाद्या मुलाला आम्ही उद्यानविद्येचा अभ्यासक्रम सुचवला, की वडिलांचा चेहरा उतरतो. "गुरुजी, आम्ही जन्मभर दुसऱ्याच्या मातीत राबलो. पोराला शिकवून पुन्हा तिथंच धाडायचं का?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्यामागे इतिहास आहे. म्हणून त्याचे उत्तरही इतिहासापासून द्यावे लागते.

महार वतनाच्या नावाखाली आमच्या पूर्वजांनी गावाची आणि सरकारची कामे केली. कामाला नाव नव्हते, वेळेला मर्यादा नव्हती. सांगेल ते आणि सांगेल तेव्हा, हाच नियम. ही वेठ मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. त्याहीपूर्वी, १९१८ साली, भारतातील लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी एक मूलगामी विचार मांडला होता. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. तिच्यावर लावलेले भांडवल, अवजारे आणि श्रम यांचे प्रमाण योग्य आहे की नाही, यावरून ठरते. शेतीवरील माणसांचा जादा भार उद्योगांकडे वळवावा, हेही त्यांनी त्याच निबंधात आग्रहाने सांगितले. हे दोन्ही विचार एकत्र वाचले, तर रोपवाटिकेकडे पाहण्याची दृष्टी बदलते. पाच गुंठ्यांतली रोपवाटिका शेतीपेक्षा उद्योगाला अधिक जवळची आहे. तिथे जमीन थोडी लागते, कौशल्य पुष्कळ लागते.

आता आपल्या परिसराकडे पाहू. कर्जत आणि खालापूर हे तालुके मूळचे भाताचे. कर्जतच्या संशोधन केंद्रात १९१९ पासून भातावर काम चालू आहे; आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणारे पाणी राजनाल्याने काही गावांना उन्हाळ्यातही मिळते. परंतु गेल्या काही दशकांत मुंबई-पुण्याच्या मधल्या या पट्ट्यातील पुष्कळ जमीन विकली गेली आणि भातखाचरांच्या जागी फार्महाऊस उभी राहिली. तिथे आमची आणि आदिवासी वाड्यांवरची मुले 'माळी' म्हणून लागतात. प्रत्यक्षात तो माळी रात्री पहारा देतो, दिवसा गाडी धुतो, पाहुणे आले की सामान उचलतो आणि उरल्या वेळात झाडांना पाणी घालतो. कामाला नाव नाही, वेळेला मर्यादा नाही. वतन कायद्याने संपले; त्याची सावली अशी मागे राहिली आहे.

आमच्या वसतिगृहातून गेलेल्या एका विद्यार्थ्याने अशी सहा वर्षे काढली. कोणत्या झाडाला मोहोर कधी येतो, हे त्याला तोंडपाठ होते. तरीही कलमे बांधायला आणि छाटणी करायला शहरातून जाणकार येत. हा शिडी धरून उभा राही. पुढे नोकरी सांभाळून त्याने मुक्त विद्यापीठाची पदविका घेतली. आज तो चार-पाच बागांची वर्षभराची निगा ठराविक रकमेवर घेतो, कामाची यादी कागदावर लिहून देतो आणि स्वतःच्या नावाचे बिल फाडतो. माती तीच आहे. तिच्याशी असलेले त्याचे नाते बदलले.

हे शिक्षण मिळण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. आयटीआयमधील फलोद्यानाचा व्यवसाय अभ्यासक्रम एक वर्षाचा असून अखिल भारतीय परीक्षेनंतर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. कृषी तंत्र विद्यालयातील दहावीनंतरची दोन वर्षांची पदविका मराठी माध्यमाची असून तिचा अभ्यास शेतीच्या सर्व अंगांना स्पर्श करतो. तिसरा मार्ग नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात फळबाग उत्पादन, भाजीपाला उत्पादन, फुलशेती व प्रांगण उद्यान अशा पदविका काम करता करता घेता येतात. ज्याला उद्यानविद्येची पदवी घ्यायची असेल, त्याने मात्र बारावी विज्ञान आणि प्रवेश परीक्षेचा रस्ता धरावा. प्रवेशापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: संस्थेला मान्यता कोणाची आहे, आणि या प्रमाणपत्रावर पुढे कुठे प्रवेश मिळतो.

या अभ्यासात शिकवतात तरी काय? आंब्याच्या कोय कलमाचे उदाहरण घेऊ. पावसाळ्याच्या तोंडाशी ताज्या कोयी गादीवाफ्यात रुजत घालतात. तांबूस कोवळ्या पानांचे रोप वर आले की ते कोयीसह उचलून, कोयीच्या वर सहा-आठ सेंटिमीटरवर छाटतात आणि खोडाला मधोमध चार-सहा सेंटिमीटर खोल चीर देतात. खात्रीच्या मातृवृक्षावरील तीन-चार महिने वयाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. या काडीची पाने आठ-दहा दिवस आधीच कापलेली असतात, म्हणजे तिचा डोळा फुगून येतो. जून ते ऑगस्टमधील कोकणची दमट हवा कलम जुळायला पोषक असते. हात कसा चालवावा हे पाहूनही शिकता येते. परंतु खोड आणि काडी सारख्या जाडीची का हवी, साल सालीला भिडली नाही तर कलम का मरते, काडीचे झाड रोगट असेल तर काय होते, हे कळले की चुकलेले काम दुरुस्त करता येते. पाहून शिकलेल्याला केवळ पुन्हा करून बघता येते.

हिशेबही तितकाच महत्त्वाचा. दहा बाय दहा मीटर अंतरावर हेक्टरी १०० आंबे बसतात. पाच बाय पाच मीटरवर ४००. पण घन लागवडीत दरवर्षी छाटणी जमली नाही, तर फांद्या एकमेकींत घुसून बाग अंधारते आणि फळ कमी होते. बाबासाहेबांनी सांगितलेले प्रमाण ते हेच. ज्या कुटुंबांकडे जमिनीचा तुकडा उरला आहे, त्यांनी अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून विहीर, पंप, ठिबक यांसाठी अर्ज करावा. आणि एक विनंती: शिकून मिळालेल्या नोकरीच्या भरवशावर तो तुकडा विकू नये.

शेवटी एक जुना लेख आठवतो. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत उषवदाताच्या दानांची नोंद कोरलेली आहे. त्यात नानंगोल गावच्या ३२,००० नारळीच्या झाडांच्या दानाचा उल्लेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा हा आकडा पश्चिम किनाऱ्यावरील बागायतीचा मोठा पुरावा आहे. दाता कोण हे कळते, झाडे किती हे कळते. ती लावली कोणी, पाणी कोणी घातले, माडावर कोण चढले, हे मात्र लेख सांगत नाही.

म्हणून व्हरांड्यात उभ्या असलेल्या बापाला आम्ही सांगतो: मुलाला मातीत जाऊ द्या, पण तो अनामिक म्हणून जाता कामा नये. हातात विद्या आणि विद्येवर त्याचे स्वतःचे नाव असू द्या. सम्यक आजीविकेचा आम्हांला कळलेला अर्थ एवढाच आहे.